एकहाती

गाडीखालून मेकॅनिकचे फक्त दोन पाय दिसत होते आणि ते पाय मला सांगत होते की बॅटरी जरा डावीकडे धरा.

मी धरली. भर उन्हात हातात पेटलेली बॅटरी घेऊन फरशीवर उकिडवं बसलेल्या म्हाताऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर चुकवायला मी चेहरा गंभीर ठेवला होता. गंभीर चेहरा ठेवायचं येतानाच ठरलं होतं. बायकोने बजावलं होतं की तुम्ही बोलायचं नाही, आपल्याला गाडीतलं कळतं असं विकणाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि काहीही झालं तरी गाडीचं कौतुक करायचं नाही. मी मान डोलावली होती. पण फाटकातून आत शिरलो तर ती निळी, उंच, छोटी एसयूव्ही धुऊन-पुसून उभी होती, आणि माझ्या तोंडून पहिलंच वाक्य निघालं, "वा, किती छान ठेवलीय हो."

बायकोने डोळे मिटून घेतले. मेकॅनिक उगाच खोकला. तेव्हापासून बॅटरी धरण्याचं काम माझ्याकडे आलं.

गाडी आम्हाला उंचच हवी होती. आमची मुलगी खडीच्या खाणींपलीकडे, एका लहान दवाखान्यात परिचारिका आहे. तिचे दिवस भरत आले होते. त्या रस्त्यावर गेल्या खेपेला आमच्या जुन्या बुटक्या गाडीने असं काही पोट खरवडून घेतलं की तिला दोराने ओढून आणावं लागलं. त्यावर जावई फोनवर म्हणाला, रस्ता फार वाईट आहे, तुम्ही नाही आलात तरी चालेल. तो बिचारा काळजीने म्हणाला असणार. पण बायकोला ते 'तरी चालेल' असं लागलं की त्याच दिवशी तिने जुनी गाडी भंगारात काढली. मुलीच्या बाळंतपणाला मी तिथे असणार म्हणजे असणार, असं तिने जाहीर केलं. नवी गाडी आवाक्यात नव्हती, आणि तिथे जाणारी बस कधी येते ते बसवाल्यांनाही सांगता येत नाही. उरली ती कुणीतरी वापरलेली गाडी.

त्याआधी दोन गाड्या बघून झाल्या होत्या. पहिलीला अत्तराचा इतका घमघमाट होता की मेकॅनिकने लगेच पायाखालची मॅट उचलली. खाली वाळलेला चिखल होता, म्हणजे ती कुठल्यातरी पुरात बुडून आलेली. दुसरीच्या दाराचं रबर त्याने ओढून पाहिलं आणि तो हळहळत म्हणाला की ही गाडी नाही, हे लग्न आहे. पुढचा भाग एकीचा, मागचा दुसरीचा.

मग ही जाहिरात दिसली. 'छोटी एसयूव्ही, एकहाती, घरगुती वापर, विचारपूस करून देणे आहे.'

मी जन्मभर एका पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो, त्यामुळे गाडी बाजूला राहिली आणि मी शब्दांशी अडलो. एकहाती म्हणजे एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय केलेलं. गाडीचा मालक एकच होता असं म्हणायचं असेल तर तो शब्द मला पटेना. शिवाय 'विचारपूस करून देणे' म्हणजे काय? विचारपूस घेणारा करतो, देणारा कशाला करेल? बायको म्हणाली, आपण गाडी विकत घेतोय, परिच्छेद नाही. ते बरोबरच होतं. माझं बरंचसं असं असतं, बरोबर असून कामाचं नसतं.

गाडीचा मालक साधारण माझ्याच वयाचा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, आणि डावा हात सतत पँटच्या खिशात. मला त्यात थोडा आखडूपणा वाटला. आम्ही आत येताना तो फाटकाच्या कडेला भिंतीला पाठ लावून ताठ उभा होता. तिघेही आत आलो तशी त्याने आमच्या बोटांकडे नजर टाकली, कुणाचं काही अडकत नाही ना बघितलं, मग फाटक लावलं. हे मला विचित्र वाटलं, पण मला बऱ्याच गोष्टी विचित्र वाटतात म्हणून मी गप्प बसलो.

मेकॅनिक आमच्या गल्लीतलाच. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. तो "काका" म्हणाला की आम्ही दोघेही म्हातारे वळून बघायचो. दोन-तीनदा असं झाल्यावर त्याने आमची नावंच पाडली. मी 'पुस्तकवाले काका' आणि मालक 'गाडीवाले काका'. दोघांनीही ती निमूट स्वीकारली.

डॉक्टर गाडीखालून बाहेर आला. गंज नाही, म्हणाला. दारांची रबरं ओढून पाहिली, चारही दारांच्या फटी बोटाने मोजल्या, रंगावर टिचक्या मारल्या. ऑइलची पट्टी काढून ती माझ्या पांढऱ्या रुमालाला पुसली. तोच रुमाल नंतर त्याने सायलेन्सरपाशी धरला, आणि रुमाल मला परत देताना म्हणाला की धूर साफ आहे. रुमालाचं तसं म्हणता येत नव्हतं.

मग त्याने बॉनेटवर तळवा ठेवला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने बायकोला बाजूला बोलावलं. इंजिन गरम होतं. वापरलेली गाडी बघायला जाताना ती थंड असली पाहिजे, थंड इंजिन कसं सुरू होतं त्यावर सगळं कळतं, असं तो आम्हाला येतानाच शिकवत आला होता. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवणारा माणूस काहीतरी लपवतो.

बायको आडपडदा ठेवणारी नाही. तिने सरळ विचारलं, "दादा, सकाळी गाडी कुठे नेली होती?"

"कुठे नाही," तो म्हणाला. "जरा वेळ सुरू करून बसलो होतो."

"कशासाठी?"

"बसतो रोज."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी गंभीर चेहरा आणखी गंभीर केला.

दुसरी गोष्ट क्लचची. डॉक्टरने आत बसून पाय दाबून पाहिला, सोडला, परत दाबला आणि मान हलवली. मीटरवर गाडी फार चाललेली नव्हती, पायाखालची रबरंही तेच सांगत होती. पण क्लच पार झिजलेला. इतक्या कमी चाललेल्या गाडीचा क्लच असा कसा जातो? त्याने विचारलं की गियर बदलताना पाय फार वेळ दाबून ठेवायची सवय आहे का.

"होती," गाडीवाले काका म्हणाले. "वाट बघावी लागायची."

कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. गियरच्या दांड्याच्या मुठीवर लोकरीची विणलेली टोपी होती, तान्ह्या बाळाला घालतात तशी, नाडीने बांधलेली. डॉक्टर ती काढून बघणार तेवढ्यात ते म्हणाले, "तेवढं राहू द्या." टोपी डाव्या बाजूने विरली होती. चालवणाऱ्याचा हात उजवीकडून येतो, मग डावी बाजू कशी झिजेल, असं माझ्या मनात आलं. एखादं अक्षर उलटं बसलेलं दिसावं तसं. पण गाड्यांमध्ये कदाचित तसंच असेल म्हणून मी बोललो नाही.

यानंतर विचारपूस सुरू झाली. आमची.

गाडी कोण चालवणार, असं त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी. मला गाडी येत नाही. मी शिकायला गेलो होतो, पण शिकवणाऱ्याने मला परत पाठवलं. तुम्ही पुढे कमी आणि आरशात जास्त बघता, म्हणाला.

"आणि हे?" त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

"हे शेजारी बसतात."

"बसून काय करतात?"

या प्रश्नाचा बायकोने खरोखर विचार केला, याचं मला वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "पाट्या वाचतात. मोठ्याने. पाटीवर काना-मात्रा चुकला असेल तर तेही सांगतात. 'धोकादायक वळण' यातलं 'धोकादायक' कसं लिहायला हवं होतं हे सांगून होईपर्यंत वळण मागे गेलेलं असतं."

"झोपत नाहीत ना?"

"झोपले तर बरं होईल."

त्यांनी यावर मान डोलावली, जणू एक तपासणी पार पडली. आधी आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी नाही म्हटलं होतं, असं बोलण्यातून कळलं. एक ठेकेदार मागची सीट काढून सिमेंटची पोती भरणार होता. दुसरा काळ्या चष्म्याचा तरुण होता. त्याने बघता क्षणी भाव कबूल केला, पण शेजारी कोण बसणार असं विचारल्यावर म्हणाला, कुणी नाही, बॅग ठेवीन. त्याला त्यांनी पाणी देऊन परत पाठवलं.

"काका," डॉक्टर म्हणाला, "गाडी विकताय की मुलगी देताय?"

बायकोला हसू आलं, पण मला तिची काळजी दिसत होती. गाडी चांगली होती, आम्हाला परवडणारी होती, आणि आता ती आपल्याला मिळते की नाही हे माझ्या शेजारी बसण्यावर येऊन ठेपलं होतं. बाळाच्या जन्माला आजी हजर असणार की नाही हे आजोबांच्या पाट्या वाचण्यावर ठरणार, असं कुणी सांगितलं असतं तर मी आयुष्यात जरा जास्त सराव केला असता.

गाडी चालवून बघायची ठरली. फाटक अरुंद आहे, बाहेर मी काढतो, असं गाडीवाले काका म्हणाले. मागे बायको आणि डॉक्टर. मला पुढे बसायला सांगितलं. मी चढलो. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, बाहेरून माझं दार लावलं आणि मग फिरून स्टिअरिंगसमोर बसले. इंजिन सुरू झालं. त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डावा पाय दाबला, समोर बघितलं आणि म्हणाले,

"पहिला."

समोर तीनमजली इमारत होती. मी वाकून काचेतून पहिल्या मजल्याकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. एक टॉवेल वाळत होता.

"पहिला," ते पुन्हा म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. खोलीतल्या सगळ्यात मागच्या माणसालाही ऐकू जाईल, एवढाच.

"अहो, वर काय बघताय?" मागून बायको.

"पहिला मजला बघतोय."

काकांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, डावा हात खिशातून उचलला आणि मांडीवर ठेवला. उचलला म्हणजे खरंच उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, उजव्या हाताने. बोटं आत वळलेली होती. मला माझ्या 'आखडूपणा' या शब्दाची लाज वाटली.

"सवयीने बोललो," ते म्हणाले. "रोज एकटा बसतो तेव्हाही तोंडातून निघतं."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही सांगितलं, पण पाय क्लचवर तसाच दाबलेला होता आणि कुणीच त्यांना घाई केली नाही. ते लिफ्टमन होते. एका उंच कचेरीत, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. पहिला, दुसरा, तिसरा म्हणत माणसं वर न्यायची आणि खाली आणायची. राहतात मात्र या इमारतीत, जिथे लिफ्ट नाही. निवृत्त झाल्यावर सगळ्या पैशांची त्यांनी गाडी घेतली. मुलगा चिडला. ते म्हणाले, जन्मभर वर-खाली केलं, आता जरा सरळ जातो.

ते आणि त्यांची बायको खूप फिरले. मग एका सकाळी ते उठले आणि हात उठला नाही. पायाला काही झालं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी विका.

"ही म्हणाली, तुमचा एक गेलाय, माझे दोन आहेत. तिला गाडी येत नव्हती. शिकायचीही नव्हती. फक्त गियर शिकली. मी पाय दाबून मजला सांगायचा, ती टाकायची. रिव्हर्सला आम्ही तळघर म्हणायचो."

"म्हणून क्लच," डॉक्टर हळूच म्हणाला.

"तिला बोलायची सवय फार. गोष्ट अर्धवट टाकून गियर टाकायची नाही. वाक्य पुरं होईपर्यंत मी दाबून बसायचो." ते थोडं हसले. "थंडीत दांडा गार लागायचा, म्हणून टोपी. मागच्या हिवाळ्यात गेली ती."

हे सगळं कायद्यात बसतं का मला माहीत नाही. बसत नसावं. मला एवढंच दिसत होतं की एक माणूस क्लच दाबून बसला आहे आणि माझा उजवा हात रिकामा आहे. मी भित्रा माणूस आहे. पण मी तो हात उचलून त्या लोकरीच्या टोपीवर ठेवला आणि दांडा जोर लावून पुढे ढकलला.

काकांनी क्लच सोडला तशी गाडीने एक भयंकर गचका खाल्ला, थरथरली आणि बंद पडली. माझा चष्मा नाकावरून खाली आला. डॉक्टर मागून म्हणाला, "पुस्तकवाले काका, जीव घ्याल."

"तिसरा लागला," गाडीवाले काका शांतपणे म्हणाले. "तिसऱ्यावर कुणाला जायचं नव्हतं."

बायको आधी हसली. मग डॉक्टर, आणि शेवटी मीही. काकांनी गाडी पुन्हा सुरू केली आणि मला सांगितलं, आधी डावीकडे, मग पुढे, हळू, तो आपणहून जातो. "पहिला." मी टाकला. गाडी फाटकातून अगदी अलगद बाहेर आली. "दुसरा." मी ओढला. गल्लीत लोक नव्हते, एक कुत्रा होता, तोही बाजूला झाला. मागून बायको गप्प होती, आणि ती गप्प असणं ही फार मोठी गोष्ट आहे. गल्लीच्या टोकाशी काकांनी गाडी कडेला थांबवली आणि जागा तिला दिली. तिने मोठ्या रस्त्यावर गाडी नेली, ब्रेक तपासले, चढावर घातली, खड्ड्यातून काढली. डॉक्टरने कान देऊन सगळं ऐकलं.

परत आल्यावर त्याने निकाल दिला. ठोकलेली नाही, बुडालेली नाही, मीटर खरं आहे. क्लचप्लेट तेवढी बदलावी लागेल. आता हा क्लच पुढे करून भाव पाडायचा, असं येतानाच ठरलं होतं. बायकोने तोंड उघडलं आणि परत मिटलं. भाजीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत कुणालाही न सोडणारी ही बाई, तिला त्या क्लचबद्दल घासाघीस करता येईना.

शेवटी काकांनीच सांगितलं. "क्लच आमच्या बोलण्यापायी गेला. त्याचे कापून द्या." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही छापखान्यात होता ना? जाहिरात मुलाने दिली. एकहाती लिहिलंय त्याने, ते चूक आहे. मालक एक, पण हात दोन लागले. तसं कुठे लिहायचं असलं तर लिहा."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आपणहून चूक दाखवणारा माणूस मला क्वचितच भेटला. त्यांना काहीतरी चांगलं म्हणावं असं फार वाटलं, आणि मी म्हणालो, "पण दोनहाती असा शब्द नाही."

बायकोने पुन्हा डोळे मिटले.

"नसेल," ते म्हणाले.

कागदपत्रं झाली आणि आम्ही गाडी न्यायला गेलो तेव्हा फक्त आम्ही दोघंच होतो. मुलीचा सकाळीच फोन आला होता. अजून अवकाश आहे पण फार नाही, म्हणाली. मागच्या सीटवर आमच्या दोन पिशव्या होत्या. गाडी पुन्हा धुतलेली होती. बॉनेटवर मी सहज तळवा ठेवून बघितला. थंड होतं.

किल्ली देऊन झाल्यावर काका डावीकडच्या दारातून आत वाकले आणि टोपीची नाडी सोडायला लागले. एका हाताने ती सुटेना. दांडा इकडून तिकडे हलायचा. मी दुसऱ्या बाजूने वाकून मूठ घट्ट धरून ठेवली. मग सुटली. टोपी त्यांनी डाव्या खिशात, हातापाशी ठेवली.

मी चढून बसलो. त्यांनी माझी बोटं बघितली, दार लावलं, काचेवर हलकेच दोनदा थाप मारली आणि एक पाऊल मागे सरकून ताठ उभे राहिले. "नातवंडाकडे सांभाळून जा," म्हणाले. मग वळून आत गेले. फाटक उघडं होतं.

बायको सीट पुढे-मागे करत होती, आरसे नीट करत होती. ती बुटकी आहे, तिला वेळ लागतो. मी वाकून काचेतून वर पाहिलं. जिन्याला प्रत्येक मजल्यावर एक खिडकी आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं. खालून वर येणारा इस्त्रीचा शर्ट पहिल्या खिडकीत आला. उजवा हात कठड्यावर होता. ते थांबले नाहीत, पण खिडकीसमोरून जाताना ओठ हलल्यासारखे वाटले. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही, त्यामुळे खात्री देता येणार नाही.

"अहो, वर काय बघताय?" बायकोने विचारलं.

"पहिला," मी म्हणालो.

तिने वर बघितलं नाही. क्लच दाबला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून वाट बघत राहिली.